शीतगृहाच्या सेन्सरसाठी प्रोटोकॉल बफर्स कशी वाटली

द्राक्षांच्या शीतगृहातले आमचे तापमान सेन्सर मोबाइल सिमवरून सर्व्हरला नोंदी पाठवतात. त्यामुळे माझ्या कामात एकेका बाइटला किंमत आहे. गूगलने २००८ मध्ये खुली केलेली प्रोटोकॉल बफर्स ही माहिती कमी बाइटांत बांधणारी लायब्ररी मी त्यासाठीच वापरते, आणि अशा कामाला ती मनापासून सुचवेन.

जेसन या नेहमीच्या मजकुरी स्वरूपात प्रत्येक नोंदीबरोबर फील्डचं, म्हणजे नोंदीतल्या रकान्याचं, नाव जातं. इथे नावाऐवजी जातो फक्त प्रोटो फाइलमध्ये, म्हणजे नोंदीचा आराखडा लिहिलेल्या फाइलमध्ये, ठरवलेला क्रमांक. क्रमांक १ च्या फील्डमध्ये १५० असेल, तर हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या लेखनात) तीनच बाइट: ०८ ९६ ०१. १ ते १५ क्रमांकांची खूण एका बाइटात मावते, म्हणून ते सतत लागणाऱ्या फील्डसाठी राखून ठेवा.

तापमानाच्या फील्डचा संख्या-प्रकार मात्र जपून निवडा. उणे १ हा आकडा इंट३२ या साध्या पूर्णांक प्रकारात तब्बल १० बाइट खातो, उण्या आकड्यांसाठीच्या एसइंट३२ मध्ये एकच. आणि शून्य! प्रोटो३ ही आराखड्याच्या भाषेची आवृत्ती साध्या फील्डमधलं शून्य पाठवतच नाही. मग खोलीत शून्य अंश आहे की सेन्सरने वाचनच दिलं नाही, हे पलीकडे कळणार कसं? प्रोटो फाइलमध्ये फील्डला ऑप्शनल हा शब्द लावा, प्रश्न मिटतो. माझ्या मते ही सूचना प्रत्येक शिकवणीच्या पहिल्याच पानावर हवी.

लॉग उघडून डोळ्यांनी वाचता येत नाही, हा खरा त्रास. प्रोटोसी या लायब्ररीच्या कंपायलरचा डीकोड-रॉ पर्याय क्रमांक आणि मूल्यं दाखवतो, नावं नाहीत. शिवाय फील्ड काढलंत तर त्याचा क्रमांक रिझर्व्ह्ड करा, म्हणजे तो चुकून नव्या फील्डला दिला जाणार नाही. जुन्या फर्मवेअरचे (आतल्या जुन्या सॉफ्टवेअरचे) सेन्सर तो क्रमांक जुन्याच अर्थाने पाठवत राहतात.