एकरकमी की टक्केवारी? पुस्तक गेमवाल्यांना देताना

पुस्तकावरून व्हिडिओ गेम करायचा म्हणून कोणी दारात आलं, की सहसा दोन पर्याय पुढे ठेवतात: हक्क एकरकमी विकून टाका किंवा विक्रीवर रॉयल्टी घ्या. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

एकरकमीत सुख आहेच. गेम पूर्ण होवो न होवो, पैसे हातात पडलेले असतात. पहिल्या किशोर कादंबरीच्या त्या पैशांत आमच्या डिचोलीच्या घराची कौलं चतुर्थीआधी बदलून झाली.

दोन वर्षांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाच्याने मोबाइल पुढे केला. खांद्यावर कांबळ, हातात दांडा, माझ्याच कादंबरीतला देवचार, गोव्यातला गावराखण्या. पण मी कधी न लिहिलेल्या गावात हिंडत होता. गेमचे नवे भाग निघाले होते. किती निघाले, किती जण खेळतात, एवढंच मी कंपनीला विचारलं. उत्तर आलं, करारानुसार ही माहिती देण्यास आम्ही बांधील नाही. ज्याला गाव रोट ठेवतो, त्या राखणदाराला मी पुस्तकात आणलं, आणि तो कुठे आहे हे विचारायचा हक्क मीच विकून बसलो होतो. पैशांपेक्षा हे जास्त लागलं, अजून लागतं.

‘विचर’ या पुस्तकमालिकेचे पोलिश लेखक आंजेय सापकोव्स्की यांनीही टक्केवारी सोडून एकरकमी घेतली होती. गेम जगभर गाजल्यावर 2018 मध्ये त्यांनी किमान 6 कोटी झ्लॉटी (पोलंडचं चलन) मागितले. मोबदला आणि नफा यांत फार तफावत पडली तर लेखकाला वाढ मागता येते, असं पोलंडचं कलम त्यांच्या हाती होतं. 2019 च्या अखेरीस गेमच्या कंपनीने त्यांच्याशी नवा करार केला. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीने चित्रपटात घेतलेल्या साहित्याच्या लेखकाची चित्रपटगृहाबाहेरच्या वापराची रॉयल्टी राखली. गेमचा उल्लेख तिथे नाही. तेव्हा आपली भिस्त करारावरच.

दुसरं पुस्तक मी टक्क्यांवर दिलं. रक्कम बेताचीच येते, कबूल. पण दर सहा महिन्यांनी हिशेबाचा कागद येतो आणि नवा भाग काढायच्या आधी फोन येतो. फक्त ‘निव्वळ उत्पन्नावर’ हे शब्द दिसले तर थांबा. स्टीमसारखं गेमचं ऑनलाइन दुकान आधीच साधारण 30 टक्के कापून घेतं. त्यानंतर जाहिरात, सर्व्हर, दुरुस्ती असं वजा होत गेलं तर टक्का कागदावरच राहतो. दुकानाचा वाटा गेल्यावर कंपनीच्या हाती जे येतं, त्यावर लहान टक्का मला बरा वाटतो. त्यातूनच वळती होणारी थोडी आगाऊ रक्कमही मागता येते.

घरात पैशांची निकड असेल तर एकरकमी घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. मात्र ‘कायमस्वरूपी’ हा शब्द खोडून मुदत घालून घ्या. मुदत लिहिलीच नसेल तर आपला कायदा ती 5 वर्षं धरतो. आणि पुढचे भाग वेगळ्या करारावर ठेवा.