तिशी उलटल्यावर प्रो गेमिंग: बीजीएमआयचा स्क्वाड की एकट्याचा स्ट्रीट फायटर?

आधीच सांगतो, मी कुणी मोठा प्लेअर नाही. नाशिकला राहतो, सातपूर एमआयडीसीत क्वालिटीला आहे, आणि ३३ व्या वर्षी डोक्यात खूळ शिरलं की आपण आता सिरीयसली कॉम्पिटिटिव्ह खेळायचं. म्हणजे ज्या वयात बरेच प्रो लोक खेळणं सोडून स्ट्रीमिंग नाहीतर कोचिंग धरतात त्या वयात आमची सुरुवात. पहिलं वर्ष-सव्वा वर्ष बीजीएमआय (पबजी मोबाइलचं भारतातलं रूप, चौघांच्या टीमने फोनवर खेळायचा बंदुकांचा गेम) आणि त्यानंतर आजतागायत स्ट्रीट फायटर ६ (एकास एक मारामारीचा फायटिंग गेम), दोन्हीकडे पैसा आणि झोप घालवून झालीय. आता कंपनीतली, ओळखीतली तिशीतली एकदोघं विचारतात की दादा सुरू करायचंय, कशात पडू, तर दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. फोन कुठला, मॅप किती, कॅरेक्टर किती हे सांगत बसत नाही, ते तुम्हाला माहीत असणार.

वयाचं आधी उरकू. सगळ्यांना रिफ्लेक्सची धास्ती असते आणि ती खोटी नाहीये. २०१४ साली कॅनडातल्या सायमन फ्रेझर युनिव्हर्सिटीच्या लोकांनी स्टारक्राफ्ट २ या कॉम्प्युटर गेमच्या ३,३०५ प्लेअर्सचा डेटा तपासला होता, वयं १६ ते ४४, आणि निघालं काय तर चोविशीपासूनच गाडी हळूहळू मंदावायला लागते. चोविशी! आम्ही तेव्हा नोकरीला पण लागलो नव्हतो. पण त्याच अभ्यासात हेही होतं की वयाने मोठी माणसं साधं खेळून आणि गेममधल्या सोयी नीट वापरून ती कसर बरीचशी भरून काढतात. मला वाटतं सगळा प्रश्न इथेच येतो, की कसर भरून काढायला कुठल्या गेममध्ये जागा मिळते.

बीजीएमआयमध्ये क्लोज रेंजला, म्हणजे जवळून होणाऱ्या गोळीबारात, मी रोज मार खायचो. समोरचं सतरा वर्षांचं पोरगं भिंतीआडून पीक देऊन (म्हणजे क्षणभर डोकावून), गोळ्या घालून परत आडोशाला गेलेलं असायचं आणि माझा अंगठा तेव्हा कुठे स्कोपच्या बटणाकडे निघालेला असायचा. फिंगर स्लीव्ह घातले, जायरो (फोन हलवून नेम धरणं) शिकलो, रोज अर्धा तास टीडीएम (टीम डेथमॅच, नुसत्या गोळीबाराची छोटी मॅच) घासली, थोडा फरक पडला, फार नाही. पण म्हणून बीजीएमआय म्हाताऱ्यांचा गेम नाही असं मी म्हणणार नाही, कारण तिथे आयजीएल (इन-गेम लीडर, म्हणजे टीमचा कॅप्टन) नावाची जागा असते आणि ती डोक्याची आहे. झोन (आखडत जाणारा सुरक्षित गोल) कुठे सरकणार, कुठलं कंपाउंड रिकामं असेल, कुणाच्या भांडणात थर्ड पार्टी करायला, म्हणजे तिसरे म्हणून घुसायला, जायचं आणि कुठे गप्प गवतात पडून राहायचं, हे कॉल मी बरे द्यायचो. नोकरीत इतकी वर्षं प्रॉडक्शनवाल्यांशी भांडून हा एक गुण आलाय की गोंधळात आवाज चढत नाही. पोरं पण ऐकायची. पैसाही तिकडेच आहे हे सरळ मान्य करतो. २०२३ च्या बीजीआयएसचं (बीजीएमआयची मोठी भारतीय स्पर्धा) एकूण बक्षीस २ कोटी रुपये होतं, टीम्स पगार देतात, बघणारे लाखात आहेत. भारतात "प्रो गेमर" म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यासमोर जे चित्र येतं ते बीजीएमआयचंच असतं.

तरी मी सोडलं. आणि सोडलं ते रिफ्लेक्समुळे नाही, तर एका भयंकर साध्या गोष्टीमुळे. चौथा कुठंय?

ज्यांनी स्क्रिम्स (टीम्समधले सरावाचे सामने) खेळल्यात त्यांना हे दोन शब्द वाचूनच अंगावर काटा येईल. रात्री ९ चा स्लॉट असतो, १६ टीम्सची लॉबी, लॉबीत शिरायचा आयडी पासवर्ड ८:५० ला येतो, आणि ८:५५ ला डिस्कॉर्डवर (खेळताना बोलायचं अ‍ॅप) आम्ही तिघं बसलेलो असतो. चौथ्याचा मेसेज येतो "२ मिनिट". ती दोन मिनिटं लग्नातल्या "नवरी तयार होतेय" सारखी असतात. स्लॉट घेऊन गेलं नाही की ऑर्गनायझर पुढच्या वेळी विचारत नाही, त्यामुळे तिघांनीच उतरायचं, पहिल्याच ड्रॉपला, म्हणजे मॅपवर उतरल्या उतरल्या, चौघांशी भिडायचं आणि सहाव्या मिनिटाला बाहेर येऊन छताकडे बघत बसायचं. कधी एकाचं नेट गेलेलं, कधी एकाच्या घरी पाहुणे, कधी एकाची आठवड्यावर परीक्षा, आणि कधी उगाचच, म्हणजे झोपच लागली दादा. मी शिफ्ट अ‍ॅडजस्ट करून, बायकोशी एक एक रात्र बोलून ठरवून बसलेलो असायचो. त्यांची एक रात्र गेली तर त्यांच्याकडे तशा हजार होत्या हो, माझ्या आठवड्यातल्या तीनच होत्या.

त्यात आमची टीम म्हणजे मी ३३ चा आणि बाकी तिघं सतरा ते एकोणीस. सुरुवातीला भारी वाटायचं, दादा दादा करायची. मग एक दिवस रात्री पावणेनऊला अनोळखी नंबरवरून फोन. आमच्या भुसावळच्या सपोर्ट प्लेअरची (मागून मदत करणाऱ्याची) आई. "दादा, तुम्ही त्याच्या ग्रुपमधले मोठे ना? त्याचं बारावीचं वर्ष आहे, आमचं कोणाचं ऐकत नाही, तुम्हीच समजवा की जरा." मी एका हातात फोन, दुसऱ्या हातात खेळायचा फोन, डिस्कॉर्डवर ते पोरगं विचारतंय "दादा आयडी आला का", आणि कानात त्याचीच आई. ती बाई माझ्याहून पाचसहा वर्षांनीच मोठी असेल. काय बोलणार? म्हटलं, ताई, बोलतो मी त्याच्याशी. बोललो पण. म्हणजे माझ्याच टीमचा सपोर्ट मी स्वतःच्या तोंडाने अभ्यासाला पाठवला. नंतर नवा सपोर्ट शोधण्यात दीड महिना.

शेवटचा घाव हळदीने घातला. एका ऑनलाइन टुर्नामेंटची क्वालिफायर होती, सहा मॅचेस, तीन झाल्यावर आम्ही १६ पैकी पाचवे, वरचे सहा पुढे जाणार. चौथ्या मॅचच्या आधी असॉल्टरचा (पुढे घुसून लढणाऱ्याचा) मेसेज, "दादा ताईची हळद आहे, मामा फोन घेतोय". बस. त्यानंतर त्याचं नाव हिरव्याचं ग्रे झालं ते झालंच. आम्ही बाराव्या नंबरवर संपलो. आता राग कुणावर काढायचा? ताईच्या हळदीला जायलाच पाहिजे, मीच त्याला जा म्हणालो असतो. पण त्या क्वालिफायरसाठी मी सासुरवाडीचं बारसं चुकवलं होतं, आणि ते मला अजून ऐकवलं जातं.

त्याच आठवड्यात स्ट्रीट फायटर ६ घेतला. फायटिंग गेम मला नवीन नव्हते असं नाही, शाळेत असताना पंचवटीतल्या पार्लरमध्ये आम्ही रुपयाच्या कॉइनवर मुस्तफा घासायचो (खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, तोही स्ट्रीट फायटरवाल्या कॅपकॉम कंपनीचाच, पण ते नाव तेव्हा कोणाला ठाऊक होतं) आणि बाजूच्या स्ट्रीट फायटरच्या मशीनवर मोठी पोरं आडुकेन आडुकेन (खरं हादोकेन, त्यातला फायरबॉल) ओरडत असायची. ती पोरं काय करत होती ते मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळलं.

माझं रुटीन सांगतो, म्हणजे फरक कळेल. फर्स्ट शिफ्टला सकाळी उठलो की चहा होईपर्यंत पंधरा मिनिटं ट्रेनिंग मोड. समोरच्या डमी कॅरेक्टरला तीन गोष्टी रेकॉर्ड करून ठेवल्यात, एकदा नुसता पुढे चालत येतो, एकदा फायरबॉल टाकतो, एकदा ड्राइव्ह इम्पॅक्ट मारतो, आणि यातलं काय येणार ते गेम स्वतः ठरवतो. ड्राइव्ह इम्पॅक्ट म्हणजे तो रंग उडवत अंगावर येणारा दणका. तो लागायला २६ फ्रेम्स घेतो, सेकंदाला ६० फ्रेम्स, म्हणजे जवळपास ०.४३ सेकंद. आवाज झाला, रंग दिसला की आपण आपला उलटा मारायचा. पहिल्या आठवड्यात पाचातला एक पकडायचो आणि तो पण नशिबाने. दोन महिन्यांनी पाचातले तीन, आता डमीचे जवळपास सगळे, आणि खऱ्या मॅचमध्ये टेन्शन नसेल तर तीन-चार. हा आकडा काही शास्त्रोक्त नाही, वहीत रेघा मारून काढलाय. मुद्दा एवढाच की चौतिशीचा हात इथे पुरला, कारण काय येणार त्याची यादी आखूड असते आणि ती आधीच पाठ करता येते. शिवाय त्या पंधरा मिनिटांसाठी मला कुणालाच मेसेज करावा लागत नाही. चहा उतू गेला तर पॉज.

आणि वयाचं म्हणाल तर फायटिंग गेमवाल्यांना त्याचं काही वाटतच नाही. २०२३ ला हांगझोऊ एशियाडमध्ये स्ट्रीट फायटर ५ चं गोल्ड घेतलं ते दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वूने, वय ४४. जपानचा प्रो प्लेअर उमेहारा १९८१ चा, अजून खेळतो. तिथल्याच तोकिडोने २०१७ ला इव्हो (फायटिंग गेम्सची सगळ्यात मोठी स्पर्धा) मारलं तेव्हा तो तिशी ओलांडलेला होता, तोही टोकियो युनिव्हर्सिटीचा पदवीधर. आता हे सगळे लहानपणापासून खेळत आलेत, आपण तिशीत एबीसीडीपासून सुरू करणार, दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे हे मलाही कळतं. पण निदान "तुमचं वय झालं" म्हणून दारातूनच कुणी परत पाठवत नाही. मॉडर्न कंट्रोल (एका बटणात स्पेशल मूव्ह मारायची सोपी पद्धत) वापरायला लाजू नका, त्या स्पेशलला डॅमेज थोडं कमी पडतं पण टुर्नामेंटला चालतो.

आता दुसरी बाजू, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. भारतात फायटिंग गेममध्ये पोट भरणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावी लागतील. २०२४ च्या कॅपकॉम कपमध्ये (स्ट्रीट फायटरची जागतिक स्पर्धा) पहिल्या नंबरला १० लाख डॉलर मिळाले हे खरं, पण तो आपला रस्ता नव्हे. माझ्या सगळ्या बक्षिसांचे मिळून जेमतेम कंट्रोलरचे पैसे निघालेत. रात्री उशिरा ऑनलाइन गेलं की तीच ती वीस-पंचवीस नावं भेटतात, सगळ्यांच्या सवयी एकमेकांना तोंडपाठ, बाहेरच्या देशातला माणूस लागला तर कनेक्शन रडवतं. पुण्या-मुंबईला ऑफलाइन कुठे काही असलं की सकाळची गाडी पकडून जायचं आणि दोन मॅच हरून वडापाव खाऊन परत. आणि हरलात तर सांगायला कोणी नाही. स्क्वाडमध्ये निदान "तुझ्यामुळे गेलं रे" म्हणता येतं, इथे आरशात बघायचं. पहिले तीनचार महिने मला ते फार जड गेलं, बीजीएमआयमधली रात्रीची थट्टामस्करी आठवायची. ती मजा इथे नाही, खोटं कशाला बोलू.

अंगठ्याचं एक सांगून ठेवतो. बीजीएमआय सोडायच्या आधी माझा डावा अंगठा सकाळी स्कूटरचा ब्रेक दाबताना पण दुखायचा. कंट्रोलरवर तो त्रास कमी झाला, पण हे माझ्या हाताचं झालं, तुमचं तुम्ही बघा.

अजून एक गोष्ट तरुण पोरांना कळणार नाही, तुम्हाला कळेल. २८ जुलै २०२२ ला बीजीएमआय स्टोअरवरून गेला तो मे २०२३ लाच परत आला. दहा महिने. त्याआधी २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलची बंदी झालीच होती. अठरा वर्षांचा मुलगा दहा महिने घरी बसून वाट बघू शकतो, पस्तिशीतल्या माणसाच्या घरात दहा महिन्यांत विषयच बंद होतो. आता परिस्थिती पुष्कळ निवळलीय, ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे गेम बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला वेगळं धरलं, त्यामुळे सासऱ्यांच्या "ते रमीसारखं तर नाही ना?" ला उत्तर तरी देता येतं. हा फायदा दोन्ही गेमला सारखाच आहे.

तर काय घ्यावं? तुमच्याकडे आपल्याच वयाचे, आपल्याच शिफ्टचे, पक्के तीन मित्र असतील, ज्यांच्या बायका एकमेकींना ओळखतात असे, तर बिनधास्त बीजीएमआय घ्या, आयजीएल व्हा, पैसा आणि नाव तिकडेच लवकर दिसेल. असे तीन मित्र मला मिळाले असते तर मी पण कदाचित तिथेच असतो. पण तिशीनंतर एका वेळी मोकळे असलेले चार जण गोळा करणं हाच मुळात कुठल्याही फायनलपेक्षा अवघड गेम आहे असं माझं आपलं मत झालंय. तसे मित्र नसतील तर पहिले सहा महिने स्ट्रीट फायटरला देऊन बघा, नोकरी सोडू नका, आणि रोजचा एक ठराविक तास घरात आधी मंजूर करून घ्या. आवडलं नाही तर बीजीएमआय कुठे पळून जातंय. म्हणजे, मागे दोनदा पळालं होतं, पण असो.

तो भुसावळचा पोरगा बारावी झाला, ६१ टक्के. त्याच्या आईचा रोज सकाळी फुलांवाला गुड मॉर्निंग मेसेज येतो, बरोबर ड्राइव्ह इम्पॅक्टच्या प्रॅक्टिसच्या वेळेला.