मैत्री स्थानकाचा पाणीपुरवठा: प्रियदर्शिनी तळ्याविषयी अभिप्राय

अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर निघणारी मंडळी थंडीविषयी, वाऱ्याविषयी आणि एकांताविषयी पुष्कळ विचारतात, पाण्याविषयी मात्र क्वचितच. म्हणून तिथल्या भारताच्या मैत्री या संशोधन स्थानकावर राहून अनुभवलेल्या पाणीपुरवठ्याबद्दल हा अभिप्राय लिहीत आहे. शिरमाकर ओअ‍ॅसिस ही हिमस्तराच्या कडेला असलेली सुमारे 35 चौरस किलोमीटरची उघड्या खडकाची पट्टी असून तिच्यात शंभराहून अधिक लहानमोठी तळी आहेत. त्यांपैकी प्रियदर्शिनी या गोड्या पाण्याच्या तळ्याच्या काठावर मैत्री वसलेले आहे, आणि माझ्या मते या स्थानकाची सर्वांत मोठी सोय हीच आहे.

या सोयीचे मोल अंटार्क्टिकावरील भारताच्या इतर दोन स्थानकांकडे पाहिले की कळते. पहिले स्थानक, दक्षिण गंगोत्री, तरंगत्या हिममंचावर होते; तिथे बर्फ वितळवल्याशिवाय पाणी मिळत नसे आणि पुढे ते स्थानकच बर्फाखाली गाडले गेले. लार्समन टेकड्यांवरील भारती स्थानकाला 2012 पासून समुद्राच्या पाण्यातील क्षार काढून ते वापरावे लागते. मैत्रीला मात्र उन्हाळ्यात वितळलेल्या बर्फाचे, अत्यंत कमी क्षारांचे पाणी दाराशीच मिळते. चवीला ते किंचित सपक वाटते, पण त्याचा चहा उत्तम होतो आणि डाळ लवकर शिजते.

खरी कसोटी हिवाळ्यात लागते. सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही आणि तळ्याचा पृष्ठभाग जाड बर्फाने झाकला जातो. तरीही तोच बर्फ पांघरुणासारखा खालच्या पाण्याला जपतो, त्यामुळे पंप वर्षभर चालवता येतो. अडचण पाणी आणण्याची असते. वाटेत ते गोठू नये म्हणून नळाला ऊब द्यावी लागते, त्यासाठी वीज लागते, आणि विजेसाठी लागणारे डिझेल जहाजाने आणून बर्फावरून सुमारे 100 किलोमीटर ओढत न्यावे लागते. म्हणून तळे भरलेले असले तरी पाणी हात राखूनच वापरायचे असते. रोज मनसोक्त आंघोळ करण्याची सवय असणाऱ्यांनी हे आधीच मनाशी ठरवून यावे.

पाण्याच्या दर्जाला मी पाचपैकी पाच गुण देईन, सातत्याला चार. एका गोष्टीकडे मात्र अधिक काटेकोर लक्ष हवे. या तळ्यात मासे नाहीत, पण तळाशी सायनोबॅक्टेरिया या सूक्ष्म जीवाणूंचे नाजूक थर आहेत, आणि इतक्या कमी पोषकद्रव्यांच्या पाण्यात सांडपाण्याचा थोडासा अंशही पुष्कळ फरक घडवू शकतो. 1998 मध्ये अमलात आलेल्या माद्रिद करारानुसार पर्यावरणाचे रक्षण बंधनकारक आहेच. तरीही मैत्रीच्या जागी नवे स्थानक उभारताना वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने तळ्याच्या पाण्याच्या तपासणीचे आकडे येणाऱ्या प्रत्येक तुकडीला वाचायला द्यावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.