२४ महिन्यांचं काँट्रॅक्ट संपलं? ६५०७५ ला मेसेज करा (यूकेवाल्यांसाठी)

यूकेत मोबाईल कंपनी बदलायची जी मेसेजवाली सोय आहे ना, ६५०७५ नंबरची, तिच्याबद्दल लिहायचं कधीपासून डोक्यात होतं. माझं काँट्रॅक्ट नुकतंच संपलं, पाठोपाठ शेजारच्या काकूंचंही करून दिलं, दोन्ही वेळा काम बिनबोभाट झालं, म्हणून पाचपैकी पाच. आपल्या ओळखीतली कितीतरी मंडळी अजून जुनंच बिल भरत बसलीयेत, त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितो.

आधी मुळात प्रॉब्लेम काय ते. इथे फोन घेताना बहुतेक जण २४ महिन्यांचं काँट्रॅक्ट घेतात, दर महिन्याच्या बिलात फोनचा हप्ता आणि कॉल-डेटाचे पैसे एकत्रच असतात, आणि २४ महिने झाले की फोन तुमचा होतो पण अशा एकत्र काँट्रॅक्टमध्ये बिल आपोआप कमी होईलच असं नाही. तुम्ही काहीच केलं नाही तर फिटलेल्या फोनचे पैसे जातच राहतात. सिटिझन्स ॲडव्हाइस या लोकांना फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये हिशोब काढला होता, असे लोक महिन्याला सरासरी २२ पाउंड जास्तीचे भरत होते, आणि त्यात वयस्कर माणसं जास्त अडकलेली होती. मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो, कारण जो माणूस वर्षानुवर्षं गुपचूप बिल भरतो त्यालाच हा भुर्दंड. ओटूसारख्या काही कंपन्या फोनचे आणि सिमचे पैसे वेगळे लावतात, तिथे हप्ते फिटले की तेवढी रक्कम आपोआप थांबते, हे चांगलं आहे. तुमचं कसं आहे ते बिलावर बघा, दोन ओळी वेगळ्या दिसतायत का एकच आकडा आहे.

फेब्रुवारी २०२० पासून ऑफकॉमचा (इथल्या फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियम आहे की काँट्रॅक्ट संपायच्या १० ते ४० दिवस आधी कंपनीने तुम्हाला कळवायलाच पाहिजे, तारीख काय, आत्ता किती भरताय, नंतर किती पडणार आणि त्यांच्याकडेच स्वस्तातलं काय आहे. मला मेसेज आला होता, पण पाठोपाठ अपग्रेडच्या ऑफरचे इतके मेसेज आले की तो खालीच गेला. तो शोधून वाचा, त्यातली 'नंतर किती पडणार' ही ओळ महत्त्वाची. मेसेज सापडत नसेल तर ८५०७५ ला 'इन्फो' असा मेसेज टाका (इंग्रजीत), आत्ता सोडलं तर काही पैसे लागतील का ते लगेच कळतं.

आता नवीन फोन घ्यायचा का? माझं मत अगदी स्पष्ट आहे, फोन चालत असेल तर घेऊ नका. दोन वर्षांत फोन म्हातारा होत नाही, फार तर बॅटरी दमते, ती बदलून मिळते. सॅमसंगने एस२४ पासून आणि गुगलने पिक्सेल ८ पासून सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलंय, मग दर दोन वर्षांनी कशाला बदलायचा? मी बॅटरी बदलून घेतली आणि सिम ओन्ली केलं, म्हणजे फोनचा हप्ता नाही, फक्त कॉल-डेटाचे पैसे. बिल ३८ पाउंडांवरून १० वर आलं, आणि तोच फोन तोच नंबर.

मेसेजच्या सोयीकडे येतो. भारतात आपण १९०० ला 'पोर्ट' मेसेज करतो साधारण तसंच, फक्त इथे ही सोय जुलै २०१९ मध्ये आली. त्याआधी नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायचा कोड मागायला सहसा कंपनीला फोन करावा लागायचा आणि पलीकडचा माणूस अर्धा तास तुम्हाला थांबवायच्या ऑफर देत बसायचा. आता ६५०७५ ला 'पीएसी' (इंग्रजीत PAC) लिहून पाठवायचं, मेसेज फुकट असतो, आणि मिनिटभरात तीन अक्षरं सहा आकडे असा कोड येतो, सोबत सोडताना काही देणं लागतं का तेही लिहिलेलं असतं. कोड ३० दिवस चालतो. तो नवीन कंपनीच्या वेबसाईटवर टाकला की पुढच्या कामकाजाच्या दिवशी नंबर तिकडे जातो. आणि सगळ्यात भारी म्हणजे नंबर गेल्यानंतरच्या दिवसांचे नोटीसचे पैसे घ्यायला आता बंदी आहे, पूर्वी महिनाभर दोन्हीकडे बिल भरावं लागायचं ते संपलं. नंबर नकोच असेल तर ७५०७५ ला 'एसटॅक' (इंग्रजीत STAC), पण आपल्यापैकी कोणाला तो लागेल असं वाटत नाही, बँकेपासून जीपीपर्यंत (आपला नेहमीचा डॉक्टर) सगळं नंबरावरच तर आहे.

काकूंची भीती तीच होती. लंडनमधल्या हॅरोला आल्यापासून त्यांचा एकच नंबर, "अरे पण मधल्या मधे नंबर गेला तर हॉस्पिटलचे मेसेज कुठे जायचे, आणि नाशिकहून ताई फोन करते तिला काय सांगू?" मी म्हटलं काकू तुम्हीच पाठवा मेसेज, मी बाजूला बसतो. चष्मा लावून एकेक अक्षर शोधून टाईप केलं, पाठवला, आणि चहा गाळेपर्यंत कोड आलेला. त्यांनी तो आधी कॅलेंडरच्या मागे पेनाने लिहून ठेवला मगच मला फोन हातात दिला. मंगळवारी टाकला, बुधवारी दुपारी जुन्या सिमची रेंज गेली, नवीन सिम घातलं, फोन बंद करून चालू केला, झालं. व्हॉट्सॲप जसंच्या तसं, एकही ग्रुप गेला नाही. बुधवारी संध्याकाळी ताईंचा फोन त्याच नंबरवर आला.

कंपनी कुठली घ्यावी हा प्रश्न सगळे विचारतात. टॉवरवाल्या मोठ्या कंपन्या मोजक्याच, बाकीच्या त्यांच्याच टॉवरवर चालतात, गिफगॅफ ओटूवर, स्मार्टी थ्रीवर, वॉक्सी आणि लेबारा व्होडाफोनवर. (व्होडाफोन आणि थ्री २०२५ मध्ये एकत्र झाल्यात.) म्हणजे तुमच्या घरात ओटूची रेंज नसेल तर गिफगॅफचीही नसणार, म्हणून आधी ऑफकॉमच्या साईटवर पोस्टकोड टाकून रेंज बघा, किंमत नंतर. काकूंना मी लेबारा घेऊन दिलं, कारण त्यांच्या प्लॅनमध्ये भारतात साधा फोन करायची मिनिटं येतात, आणि ताईंना व्हॉट्सॲप कॉल जमत नाही. मला स्वतःला एक महिन्याचा रोलिंग प्लॅन आवडतो, बांधिलकी नाही, नाही पटलं तर परत ६५०७५. दोन वर्षांच्या काँट्रॅक्टमध्ये एप्रिलची दरवाढ सोसावी लागते, २०२३ मध्ये 'महागाई अधिक ३.९ टक्के' या अटीमुळे किती जणांची बिलं १४ टक्क्यांच्या वर वाढली होती आठवतंय ना. जानेवारी २०२५ पासूनच्या नवीन काँट्रॅक्टमध्ये वाढ किती ते पाउंड-पेन्समध्ये आधीच सांगावं लागतं, तरी वाढ ती वाढच.

काही गोष्टी मात्र सांभाळा. जुन्या कंपनीला फोन करून 'बंद करा' सांगू नका, नाहीतर नंबर हातचा जाऊ शकतो, कोड वापरला की जुनं खातं आपोआप बंद होतं. आधी नवीन सिम घरी येऊ द्या, मगच कोड मागा. शुक्रवारी कोड टाकलात तर काम सोमवारवर जातं. ज्या दिवशी नंबर जाणार त्या दिवशी बँकेतून मोठे पैसे पाठवायचं ठेवू नका, ओटीपी अडकला तर उगाच धावपळ. डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना लॉक केलेले (फक्त त्यांचंच सिम चालणारे) फोन विकायला बंदी आहे, पण त्याआधीचा फोन असेल तर दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघा चालतंय का.

ड्युअल सिम फोनमध्ये भारतातलं सिम असेल तर मोबाईल डेटा यूकेच्या सिमवरच आहे ना ते बघून घ्या, नवीन सिम घातल्यावर सेटिंग कधीकधी भारताच्या सिमवर उडी मारतं आणि रोमिंग चालू असेल तर रिचार्ज साफ. ते सिम बंदही पडू देऊ नका, आधार आणि तिकडच्या बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. आणि जुन्या कंपनीचं डायरेक्ट डेबिट (बँकेतून बिल आपोआप कापायची परवानगी) घाईने काढू नका, शेवटचं बिल येतं, जास्तीचे भरलेले असतील तर ते परतही येतात. काकूंना सहा पाउंड परत आले.