ओशन बीचवर उतरायचंय: ट्विन-टिप की सर्फबोर्ड?

गोव्यात मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर, दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर काइटसर्फिंग (पतंगाच्या, म्हणजे काइटच्या ओढीने बोर्डावरून पाण्यावर सरकणं) शिकलेली आपली मंडळी सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियात येतात ती बहुधा ट्विन-टिप घेऊन, म्हणजे दोन्ही टोकं सारखी आणि पाय अडकवायला पट्टे (स्ट्रॅप) असलेला बोर्ड. मग सॅन फ्रान्सिस्कोच्या ओशन बीचवर जायची इच्छा होते आणि प्रश्न पडतो, हाच बोर्ड चालवावा की लाटांसाठीचा सर्फबोर्ड घ्यावा? माझा कल सर्फबोर्डाकडे आहे, तोही बिनस्ट्रॅपच्या. ट्विन-टिपची बाजू मात्र वाटते तितकी लंगडी नाही.

माझ्यापुरता निकाल लावला तो स्ट्रॅपनी. इथलं पाणी वर्षभर साधारण 10 ते 14 अंशांचं, म्हणजे जाड वेटसूट आणि पायात 5 मिलिमीटरचे बूट आलेच. आता पाण्यात बसून, काइट सरळ डोक्यावर धरून, एका हाताने बोर्ड वळवून त्या फुगलेल्या बुटासकट पाय स्ट्रॅपमध्ये घालायचा. सपाट पाण्यात यात काही विशेष नाही. ओशन बीचवर हे लाट फुटते तिथेच करावं लागतं. दुसरा पाय आत जाईपर्यंत पुढची लाट येते, बोर्ड उलटवते, काइटच्या लाइन (दोऱ्या) क्षणभर सैल पडतात आणि काइट मागे कोसळते. स्ट्रॅप बुटाच्या मापाने सैल केले, तर फेसाच्या दणक्याने पाय निसटतो. घट्ट ठेवले, तर बोर्ड पिळवटला की घोट्यावर येतं. स्ट्रॅप नसलेल्या बोर्डावर हा वेळच लागत नाही. टाचा बोर्डावर टेकवा, काइट बेताने खाली घ्या, उभे राहा, निघा. फुटणाऱ्या लाटेत घालवायचे सेकंद वाचतात, आणि इथे धोका नेमका त्या सेकंदांत असतो.

दुसरा मुद्दा काइटच्या मापाचा. सर्फबोर्डाला स्वतःची तरंगण्याची ताकद असते, त्यामुळे वारा मंदावला तरी बोर्ड लगेच बुडत नाही. 75 किलोच्या माणसाला 18-20 नॉट वाऱ्यात ट्विन-टिपवर साधारण 10 चौरस मीटरची काइट लागत असेल, तर सर्फबोर्डावर 8 किंवा 9 ची पुरते. झुळूक अचानक वाढली, तर लहान काइट वाळूवर आपटवण्याची शक्यता कमी. शिवाय ती वळते चपळ, म्हणजे लाटेच्या वेळी हवी तिथे नेता येते.

आता ट्विन-टिपच्या बाजूने. बिनस्ट्रॅपचा बोर्ड हातचा जातो, हे गृहीतच धरायचं. वारा वायव्येचा, किनारा पश्चिमेकडे तोंड केलेला. त्यामुळे सुटलेला बोर्ड फेसाबरोबर वाळूकडेच जातो. काइटने स्वतःला ओढत त्याच्यामागे जाता येत नसेल, तर हा बोर्ड तुमच्यासाठी नाही. लीश (बोर्ड अंगाला जोडणारी दोरी) बांधून हा प्रश्न सोडवायला जाऊ नका. ताणलेली लीश बोर्ड परत आणते ती डोक्यावर. हेल्मेट आणि इम्पॅक्ट व्हेस्ट (आघात झेलणारं जाकीट) दोन्ही बोर्डांना लागतातच. शिवाय या वाऱ्यात बाहेर जाताना उजवा पाय पुढे येतो. ट्विन-टिपला त्याचं काही नाही, पण सर्फबोर्डावर डावाच पाय पुढे ठेवायची सवय असेल, तर वाऱ्याकडे तोंड करून, बोटांच्या कडेवर बाहेर पडावं लागतं. फेसावरून छोटी उडी मारणंही स्ट्रॅपमुळे सोपं जातं. सर्फबोर्डावर वेग थोडा कमी करून, गुडघे सैल ठेवून, नाक उचलून फेस ओलांडावा लागतो. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो.

बोर्ड कोणताही असो, हातात धरून पाण्यात चालताना तो तुमच्या आणि लाटेच्या मध्ये येऊ देऊ नका. मोठ्या लाटांची रांग जाऊ द्या, मग निघा.

वारा पूर्ण पडला, तर फरक मोठा. लाटा फुटतात त्याच्या बाहेरच असाल, तर लाइन तिथेच गुंडाळून घ्या. आत सापडलात, तर गुंडाळत बसू नका, सैल लाइन पायांत अडकतात. क्विक रिलीज (काइटची ओढ झटक्यात सोडवणारी कळ) ढकला. लाट काइटला धरून तुम्हालाही ओढू लागली, तर काइटची लीशही (काइट अजून तुम्हाला जोडून ठेवणारी दोरी) सोडा. लाइन कापायला हुक असलेला चाकू हार्नेसवर (काइट जोडायच्या पट्ट्यावर) हाताशी हवा. त्यानंतर सर्फबोर्डावर पालथं पडून हाताने वल्हवत किनारा गाठता येतो. ट्विन-टिप घेऊन मात्र पोहावंच लागतं, आणि या थंडीत हातपाय लवकर गळतात.

उत्तरेच्या टोकाला, गोल्डन गेटच्या, म्हणजे खाडीच्या मुखाच्या जवळ, दोन्ही बोर्ड सारखेच अपुरे. ओहोटीला खाडीचं पाणी समुद्रात धावतं तेव्हा तिथे उतरूच नये. साडेपाच किलोमीटरच्या या किनाऱ्याचा दक्षिण भाग धरावा आणि तिथेही रिपची (समुद्रात खेचणाऱ्या प्रवाहाची) ओढ बघूनच उतरावं.

म्हणून, वळताना पाय बदलणं आणि स्वतःला वाऱ्याविरुद्ध ओढत नेणं हे आधी खाडीतल्या अलामेडाच्या उथळ पाण्यात पक्कं करता येणार असेल, तर माझ्या मते सर्फबोर्डच घ्यावा. 75 किलोला 5 फूट 8 ते 10 इंच, 24-26 लिटरच्या आसपास. साधा सर्फबोर्ड नको, टाचांच्या दाबाने त्याचा वरचा थर खचतो. काइटसाठी मजबूत केलेलाच बघा. वापरलेला घेत असाल, तर मागच्या पायाच्या जागी अंगठा दाबून पाहा. तिथे मऊ लागला, तर सोडून द्या.