पेट्रोल वाचवणारं गॅजेट घ्यायचं की टायरमधली हवा बघायची?

ॲव्हरेज वाढवायला काहीतरी घ्यायचं डोक्यात असेल तर आधी एवढं लक्षात घ्या, धडधाकट इंजिनात गेलेलं पेट्रोल जवळपास सगळं जळतंच, 97-98 टक्के तरी. मग "पेट्रोल पूर्ण जाळतो" म्हणणाऱ्या डबीला वाचवायला उरतं काय? खरी नासाडी होते ती उष्णतेत, रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे, आणि तिथे या डब्या पोचतच नाहीत.

पेट्रोलच्या पाइपवर बसवायचं लोहचुंबक तर सोडूनच द्या, त्याने पेट्रोलला ढिम्म फरक पडत नाही. हवा गरगर फिरवणारा पंखा उलट हवेच्या वाटेत आडवा येतो, आणि तसाही सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरल्याप्रमाणेच (शुद्ध पेट्रोलला 14.7 ला 1 च्या आसपास) धरून ठेवतो. पाण्यापासून हायड्रोजन करणारी किट म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, कारण वीज येते अल्टरनेटरमधून, अल्टरनेटर फिरवतं इंजिन, आणि इंजिन पितं पेट्रोल.

ओबीडी पोर्टमध्ये (मेकॅनिक गाडी तपासायला मशीन जोडतो ते स्टिअरिंगखालचं सॉकेट) खोचायचं ते चिप ट्यूनिंगवालं गॅजेट मी स्वतः घेतलं होतं (हो, फसलो). दोन आठवडे वाट बघितली आणि मग स्क्रू ड्रायव्हरने उघडलंच. आत एक चिप, एक बटण आणि लुकलुकणारे एलईडी. गाडीशी बोलायला लागतात त्या 6 आणि 14 नंबरच्या पिना कुठेच जोडलेल्या नव्हत्या, नुसता करंट घेऊन दिवे लावत बसलं होतं!

त्यातल्या त्यात इंजेक्टर क्लीनरची बाटली अर्धी खरी. इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नळ्या, घाण झालेले असतील तर गेलेलं ॲव्हरेज थोडंफार परत येतं, स्वच्छ असतील तर काही नाही. अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण खात्याने, असली 100 च्या वर उपकरणं तपासलीत, मोजक्यांनी किंचित फरक दाखवला, काहींनी तर धूर वाढवला.

आता दुसऱ्या बाजूला फुकटातल्या गोष्टी बघा. चारही टायरमध्ये 1 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा कमी असली की साधारण 0.2 टक्के ॲव्हरेज जातं, म्हणजे 6 कमी असेल तर सव्वा टक्का, थोडं वाटतं पण ते खरं आहे. डिकीतलं 45 किलो ओझं काढलं की एक टक्का. टपावरचा मोठा बॉक्स हायवेला 6 ते 17 टक्के खातो, रिकामा असला तरी वारा अडवतोच. आणि सगळ्यात मोठा चोर आपला उजवा पाय, दाबून पळवणं आणि कचकन ब्रेक मारणं यात हायवेला 15 ते 30 टक्के जातात. एअर फिल्टर बदलून मात्र इंजेक्शनवाल्या गाडीचं ॲव्हरेज वाढत नाही, ते समज कार्ब्युरेटरच्या काळातले.

पैसे घालवायचेच असतील तर प्रेशर गेज घ्या, आणि त्याच ओबीडी पोर्टचा ब्लूटूथ स्कॅनर, जो मोबाइलवर चालू ॲव्हरेज दाखवतो. आकडा पडताना दिसला की पाय आपोआप हलका होतो.

तरी कोणी "मला फरक पडला" म्हणालं तर खोटं बोलत नसेल, डबी लावल्यावर माणूस जरा जपूनच चालवतो. स्वतः तपासायचं तर घरच्या कोणालातरी सांगा, दर टाकीला ती लाव नाहीतर काढ पण मला कळू देऊ नकोस, आणि आठ टाक्या फुल टू फुल मोजा.