बुगाटी शिरॉन की माझदा मियाटा?

आकड्यांत शिरॉन या सुपरकारचा नाद करायचा नाही. सोळा सिलिंडरचं आठ लिटर इंजिन, चार टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून ताकद वाढवणारे पंप), १५०० अश्वशक्ती. ताशी ३८० किमीच्या पुढे जायला वेगळी किल्ली लागते. मग ४२० पर्यंत मोकळीक. पण जाणार कुठे? जर्मनीच्या ऑटोबानवर, म्हणजे बऱ्याच ठिकाणी वेगमर्यादा नसलेल्या महामार्गावरही, एवढा रिकामा रस्ता मिळणं मुश्कील. त्यामुळे २०१६ मध्ये आली तेव्हा २४ लाख युरोंची असलेली ही गाडी बहुतेक गॅरेजातच मिरवते.

मियाटा ही छोटी, दोन सीटची उघडी गाडी. वजन शिरॉनच्या जवळपास निम्मं, हातात गिअर, छप्पर बसल्या जागी मागे ढकलायचं. साध्या वेगातही वळणावर मजा येते, इंजिन पूर्ण पिळता येतं. माझ्या मते हीच भारी.

शिरॉनमध्ये टचस्क्रीन नाही, धातूची बटणं आहेत, हे मात्र जाम आवडलं.